खालचा अर्धा

खिडकी मोजायला जाते तेव्हा
मी आधी घरातली माणसं मोजते.
पट्टी नंतर.

हार्लिंगनमध्ये कालव्याकाठची घरं
रस्त्याकडे तोंड करून उघडी बसलेली असतात.
आतला दिवा, आतलं मांजर, ताटातला बटाटा,
सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.
लपवण्यासारखं आहे काय आमच्याकडे,
असं म्हणायची इथे रीत आहे.
मी पडदे शिवून पोट भरते,
तरी मीही तेच म्हणते.

टेत्स्के फोनवर एवढंच म्हणाली,
खोली फार टणक झालीय.

गेले, तेव्हा कळलं.
चाकाची खुर्ची अडू नये म्हणून गालिचा काढलेला,
पुस्तकांचं कपाट वरच्या मजल्यावर नेलेलं.
चमचा बशीत ठेवला तरी
आवाज भिंतीला आपटून परत यायचा
आणि तो आला की
तिचे वडील, वीबे, डोळे मिटून घ्यायचे.

चाळीस वर्षं पूल उचलला त्यांनी.
जहाज आलं, रस्ता वर.
जहाज गेलं, रस्ता खाली.
आता ओठांची डावी बाजू खाली उतरलीय,
ती वर जात नाही.

मी नमुने मांडले.
मखमल? नको, टेत्स्के म्हणाली, नाटक सुरू होईल असं वाटतं.
लाकडी पट्ट्या? बाबा गजांआड दिसतील.
काळं अस्तर लावू का, जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो…
वीबेंनी मान हलवली. नाही.
उजेड त्यांना हवा होता.
नको होतं ते उजेडाबरोबर आत येणारं बघणं.
पण हे बोलायचं म्हणजे
जन्मभराचं 'लपवायचं काय' मोडायचं.

तेवढ्यात बाहेरून दोघं गेले, बंदरातले जुने सोबती.
खिडकीपाशी पाय मंदावले.
हात केला.
आणि मग घाईघाईने मांजराकडे बघू लागले.

डावा हात मांडीवर मिटलेला.
झाकली मूठ. सव्वा लाखाची असेल, नसेल,
उघडत नव्हती एवढं खरं.
उजव्या हाताने त्यांनी लिननचा एक तुकडा उचलला,
कोरा, सायीच्या रंगाचा,
आणि त्या मुठीवर टाकला.
बघत राहिले.
कापडातून बोटं दिसत होती.
कशी आहेत ते कळत नव्हतं.
"हे," म्हणाले.
शब्द फुटकाच निघाला, पण निघाला.

खुर्चीत बसलेल्या वीबेंच्या टाळूपासून
चार बोटं वर खूण केली.
तिथपर्यंतच पडदा. वर काच मोकळी.
कापड अडीच पट घेतलं,
चुण्यांमध्ये आवाज मुरतो म्हणून,
आणि बिल दुपटीचं लावलं.
हिशेबात मी अशीच आहे.

शनिवारी पितळी दांडी बसवली, पडदा ओवला.
टेत्स्केने मुद्दाम चमचा बशीत ठेवला.
आवाज गेला.
आम्ही तिघं वाट बघत थांबलो.
परत आला नाही.

वरच्या काचेत डोलकाठ्या सरकत होत्या,
मधूनच पुलाची उचललेली फळी.
नवा माणूस जरा उशिरा उचलतो,
वीबेंच्या भुवईवरून मला कळलं.

सोमवारी मी रिंगा घट्ट करायला गेले होते
तेव्हा टपालवाली यिम्के आली.
पडद्यावर तिची सावली थांबली,
मग वर, मोकळ्या काचेत,
नुसता हात. लाल हातमोजा.
वीबेंनी उजवा हात उचलला,
टाळूच्या वर, चार बोटांच्या वर,
सावकाश,
जसं खाली काहीतरी मोठं जायचं आहे.

निघताना लक्षात आलं,
डावीकडे किनार अर्धा बोट उतरलीय.
उसवून देते म्हटलं, दहा मिनिटांचं काम.
त्यांनी किनारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
राहू दे.